बदलते श्रमजीवन आणि वाहतुकीची न्याय्य उपलब्धता : निमोणे व शिरूर-दौंड परिसराचा ऐतिहासिक अभ्यास

गोषवारा

वाहतुकीचा इतिहास बहुधा रस्ते, लोहमार्ग आणि पूल यांच्या उद्घाटनाच्या तारखांतून लिहिला जातो. प्रस्तुत शोधनिबंधात तो श्रमाच्या बाजूने तपासला आहे. पुणे जिल्ह्यातील निमोणे (ता. शिरूर) हे गाव पुणे-नगर मार्ग आणि पुणे-दौंड लोहमार्ग यांच्या मधल्या टापूत वसलेले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभापासून आजपर्यंत या टापूतील कामाचे स्वरूप अनेकदा बदलले. प्रत्येक बदलाबरोबर कामाचे ठिकाण आणि कामाची वेळ बदलली. परंतु वाहनांचे मार्ग व वेळा ज्यांच्या सोयीने ठरल्या ते श्रमिक क्वचितच होते. वाहतुकीतील न्याय हा रस्त्याच्या लांबीपेक्षा वेळापत्रकाचा आणि प्रवासाचा भार कोणी सोसायचा याचा प्रश्न आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : श्रमजीवन, ग्रामीण वाहतूक, निमोणे, शिरूर, दौंड, एसटी, रांजणगाव औद्योगिक वसाहत, अंतराची कसोटी.

प्रस्तावना

शिरूर तालुक्याच्या दक्षिण भागात करडे, न्हावरे, गुनाट, चिंचणी या गावांच्या शेजारात निमोणे हे गाव आहे. या टापूच्या उत्तरेकडून शिरूरमार्गे पुणे-नगर रस्ता जातो. दक्षिणेला भीमा नदी ओलांडली की दौंड तालुका लागतो आणि केडगाव, पाटस, दौंड या स्थानकांवरून लोहमार्ग जातो. एक मार्ग वर, एक मार्ग खाली आणि मध्ये शेतीवर जगणारी गावे, अशी ही रचना आहे. शिरूर तालुक्यातून आजही लोहमार्ग जात नाही. दोन मोठ्या मार्गांच्या मध्ये असणे आणि त्यांपैकी एकावर असणे यांत केवढे अंतर असते, हे या गावांच्या इतिहासावरून समजून घेता येते.

रस्ता झाला म्हणजे दळणवळणाची सोय झाली, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. वस्तुतः रस्ता असणे, त्या रस्त्यावर वाहन असणे, ते वाहन कामाच्या वेळेला असणे आणि त्याचे भाडे मजुरीतून परवडणे या चार स्वतंत्र गोष्टी आहेत. चारही एकत्र आल्या तरच गावातील स्त्री-पुरुषांना वाहतूक खऱ्या अर्थाने उपलब्ध झाली असे म्हणता येते. या चार कसोट्यांवर शिरूर-दौंड परिसराचा सुमारे दोनशे वर्षांचा प्रवास तपासणे हे प्रस्तुत निबंधाचे उद्दिष्ट आहे. त्यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

पायवाट, बैलगाडी आणि वतनी श्रम

इंग्रजी अंमलापूर्वी व त्याच्या प्रारंभीच्या काळात निमोण्यासारख्या गावातील बहुतेक काम गावाच्या शिवारातच होते. कुणबी शेतात राबे. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट हे बलुतेदार बलुत्याच्या मोबदल्यात गावकीची कामे करीत. घर आणि काम यांच्यातील अंतर पायी तोडण्याजोगे असल्यामुळे कामासाठीचा प्रवास हा स्वतंत्र प्रश्नच नव्हता.

मात्र याला एक महत्त्वाचा अपवाद होता. गावाबाहेरचे चालणे ज्यांच्या वाट्याला आले ते महार वतनदार होते. सरकारी टपाल व सारा पोहोचविणे, येणाऱ्या-जाणाऱ्या अंमलदारांचे सामान पुढच्या गावापर्यंत नेणे, निरोप देणे ही कामे त्यांना वेळी-अवेळी करावी लागत. त्याचा मोबदला अपुरा होता आणि नकार देण्याची मुभा जवळजवळ नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात मांडलेल्या वतनविषयक विधेयकामागे ही वस्तुस्थिती होती. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा प्रत्यक्षात १९५८ मध्ये झाला. म्हणजे या परिसरात कामासाठी दूर जाण्याचा पहिला इतिहास हा सक्तीच्या चालण्याचा इतिहास आहे. प्रवासाचा भार सर्वांत दुबळ्यावर टाकण्याची ही रीत पुढेही वेगवेगळ्या रूपांत टिकून राहिलेली दिसते.

शिरूर ऊर्फ घोडनदी येथे एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी इंग्रजांची लष्करी छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ रोजी कॅप्टन स्टाँटन याची तुकडी याच छावणीतून निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगाव येथे लढाई झाली. छावणीमुळे शिरूरला बाजारपेठेचे महत्त्व आले आणि पुणे-नगर मार्गावरील बैलगाड्यांची रहदारी शिरूरमधून होऊ लागली. पेरणी-मळणीतून मोकळ्या झालेल्या बैलजोडीला गाडीभाड्याचे काम मिळणे, हे कोरडवाहू शेतकऱ्याचे मोठे जोडउत्पन्न होते.

लोहमार्ग आणि दोन नद्यांमधला टापू

ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा लोहमार्ग १८५८ मध्ये पुण्यास पोहोचला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्याहून दौंडमार्गे डिकसळपर्यंत सुरू झाला. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग खुला झाला. त्यामुळे दौंड जंक्शन झाले. कारखाने, लोको शेड, गार्ड-ड्रायव्हरांच्या वसाहती यांमुळे तेथे घड्याळावर चालणारे नवे श्रमजीवन उभे राहिले. नगरकडील माल मात्र आता शिरूरमार्गे बैलगाडीने येण्याऐवजी दौंडमार्गे लोहमार्गाने जाऊ शकत होता. भीमेच्या एका काठावर ज्या बदलाने काम निर्माण केले, त्याच बदलाने दुसऱ्या काठावरील गाडीभाड्याला धक्का दिला.

या संदर्भात १८७५ च्या दख्खनमधील दंग्यांकडे पुन्हा पाहणे उद्बोधक ठरते. या उठावाची पहिली चिन्हे निमोण्याच्या शेजारच्या करडे गावी दिसली. डिसेंबर १८७४ मध्ये तेथील एका सावकाराने न्यायालयाच्या हुकूमनाम्याच्या आधारे कर्जदारावर केलेल्या कारवाईमुळे गाव संतापले आणि गावकऱ्यांनी सावकारांवर सामाजिक बहिष्कार टाकला. मे १८७५ मध्ये भीमथडी तालुक्यातील सुपे येथे दंगा झाला व त्याचे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात चढलेला कापसाचा भाव पुढे उतरला, सारा वाढला, पत आटली ही कारणे अभ्यासकांना परिचित आहेत. त्यांच्या जोडीला आणखी एक कारण होते. लोहमार्ग व इतर सार्वजनिक बांधकामे चालू असताना या भागातील शेतकऱ्यांच्या हाती मजुरी आणि गाडीभाडे येत होते. बांधकामे आटोपताच तो ओघ थांबला. लोहमार्गाने बांधला जात असताना काम दिले. बांधून झाल्यावर त्यावरून माल जाऊ लागला, पण बांधणाऱ्यांना काम उरले नाही. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने कर्जाच्या व्यवहाराला काही बंधने घातली. कामाच्या प्रश्नाला मात्र त्याने हात घातला नाही.

अंतराची कसोटी

१८७६-७७ च्या दुष्काळात सरकारी मदतकामे सुरू झाली. दौंड-मनमाड मार्गाचे मातीकामही याच काळात दुष्काळी मजुरांकडून करून घेण्यात आले. या दुष्काळातील एक तत्त्व विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणात घरापासून लांब असलेल्या कामावर जाण्याची आणि तेथेच राहण्याची तयारी ही गरजेची खूण मानली गेली. जो खरोखर उपाशी आहे तोच एवढ्या लांब जाईल, असा त्यामागील तर्क होता. यालाच ‘अंतराची कसोटी’ म्हणता येईल. जवळची लहान कामे बंद करून लोकांना दूरच्या मोठ्या कामांवर पाठविण्याच्या आणि मजुरी घटविण्याच्या निर्णयांविरुद्ध १८७७ च्या प्रारंभी मुंबई इलाख्यातील अनेक ठिकाणच्या मजुरांनी कामे सोडून दिली. पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. अशक्त, वृद्ध, लेकुरवाळ्या स्त्रिया यांना अंतर हेच मदतीपासून वगळणारे साधन ठरत होते, हे या विरोधाचे मर्म होते.

यानंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी, २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यात नेमके उलट तत्त्व स्वीकारले गेले. काम शक्यतो गावापासून पाच किलोमीटरच्या आत द्यावे आणि त्यापलीकडे द्यावे लागल्यास वाहतूक व राहणीखर्चापोटी दहा टक्के जादा मजुरी द्यावी, अशी तरतूद त्यात करण्यात आली. या कायद्याची पूर्वपीठिका महाराष्ट्रातच घडली होती. १९७२ च्या दुष्काळात पुणे-नगर पट्ट्यातील हजारो स्त्री-पुरुष खडी फोडण्याच्या, पाझर तलावांच्या व रस्त्यांच्या कामांवर गेले आणि त्या अनुभवातून १९७७ चा राज्याचा रोजगार हमी कायदा आकाराला आला. १८७७ मध्ये अंतर ही मजुराची परीक्षा होती. २००५ मध्ये ती नियोक्त्याची, म्हणजे शासनाची जबाबदारी मानली गेली. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने हा फार मोठा वैचारिक पल्ला आहे. परंतु हे तत्त्व सरकारी मजुरीपुरते राहिले, कारखान्याच्या फाटकापर्यंत ते पोहोचले नाही.

दोन गावे, दोन अंतरे

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील डॉ. हॅरॉल्ड मान यांनी दख्खनमधील खेड्यांची केलेली पाहणी या विषयावर मोलाचा प्रकाश टाकते. १९१७ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा पहिला अभ्यास पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाचा होता. ना. वि. कानिटकर यांच्यासह केलेला दुसरा अभ्यास १९२१ साली प्रसिद्ध झाला. तो शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाचा होता. दोन्ही गावांत जमिनीचे तुकडे झालेले होते, कर्ज होते आणि केवळ शेतीवर निभाव लागणारी कुटुंबे थोडी होती. फरक होता तो बाहेरच्या कामाचा. पिंपळे सौदागरच्या लोकांना खडकीचा दारूगोळा कारखाना रोज जाऊन-येऊन काम करण्याइतका जवळ होता. जातेगावच्या माणसाला अशी सोय नव्हती. त्याला काम हवे असेल तर गाव सोडून मुंबईसारख्या ठिकाणी जावे लागे.

रोजचे जाणे-येणे आणि स्थलांतर या दोहोंतील निवड ही व्यक्तीच्या इच्छेवर नव्हे, तर वाहतुकीवर अवलंबून होती हे यावरून स्पष्ट होते. जो रोज घरी परतू शकतो त्याचे शेत, गुरे आणि कुटुंब टिकते व मजुरीची त्यात भर पडते. जो परतू शकत नाही त्याच्या शेताचा भार घरातील स्त्रीवर पडतो. निमोणे हे पिंपळे सौदागरच्या नव्हे, तर जातेगावच्या वर्गात मोडणारे गाव होते. या टापूतील श्रमिकाच्या दृष्टीने पुणे जवळ दिसत असले तरी रोजच्या कामासाठी ते मुंबईइतकेच दूर होते.

मोटार आणि एसटी

पहिल्या महायुद्धानंतर मोटारगाड्या मुंबई इलाख्याच्या ग्रामीण भागात धावू लागल्या. गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे धनंजयराव गाडगीळ व ल. वि. गोगटे यांनी सहा जिल्ह्यांतील मोटार-बस वाहतुकीची पाहणी करून ती १९३५ मध्ये प्रसिद्ध केली. एका अर्थतज्ज्ञाने त्या काळी मोटारबसला स्वतंत्र अभ्यासाचा विषय मानावे, यावरून या साधनाने ग्रामीण जीवनात केलेला प्रवेश लक्षात येतो. खाजगी मोटारीचा मुख्य हिशेब उताऱ्यांच्या संख्येवर चाले. ज्या मार्गावर उतारू अधिक तेथे गाड्यांची गर्दी. आडमार्गाला कोणी वाली नाही.

स्वातंत्र्यानंतर हे चित्र पालटण्याचा जाणीवपूर्वक प्रयत्न झाला. राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) ते पुणे या मार्गावर धावली. हा मार्ग शिरूरवरूनच जातो; त्यामुळे सार्वजनिक वाहतुकीच्या या प्रयोगाचा प्रारंभ या तालुक्याच्या भूमीवरून झाला असे म्हणण्यास हरकत नाही. पुढे ‘गाव तेथे रस्ता आणि रस्ता तेथे एसटी’ हे धोरण रूढ झाले. नफ्याच्या मार्गावरील उत्पन्नातून तोट्याच्या मार्गावरील फेऱ्या चालविणे हे त्याचे अर्थशास्त्र होते आणि आडगावच्या माणसालाही प्रवासाचा हक्क आहे हे त्यामागील नीतितत्त्व होते.

एसटीचे वेळापत्रक ग्रामीण जीवनाच्या एका विशिष्ट आकृतीवर बेतलेले होते. रात्री गावात थांबून पहाटे निघणारी मुक्कामी गाडी, शाळेच्या वेळेची गाडी, आठवडे बाजाराच्या दिवशीची जादा फेरी, तालुक्याची कचेरी व कोर्ट गाठून देणारी सकाळची गाडी अशी तिची घडण होती. विद्यार्थ्यांचे सवलतीचे पास आणि ग्रामीण मुलींच्या मोफत प्रवासाची योजना यांमुळे गावातील मुली तालुक्याच्या शाळा-महाविद्यालयांपर्यंत पोहोचू शकल्या. हे एसटीचे ऐतिहासिक कार्य आहे. तथापि ही गाडी मुख्यतः विद्यार्थी, बाजारकरी आणि कचेरीचे काम असलेला नागरिक यांची होती. रोज ठरलेल्या मिनिटाला हजर व्हावयाचा कामगार तिच्या आराखड्यात मध्यवर्ती नव्हता, कारण त्या काळी या टापूत असा कामगार फारसा नव्हताच.

धरण, ऊस आणि कोयता

दरम्यान शेतीतील कामाचे स्वरूपही पालटत होते. चिंचणी येथील घोड धरण आणि पुढे चासकमान प्रकल्पाचे कालवे यांमुळे तालुक्याच्या काही भागांत बागायती वाढली. न्हावरे येथे घोडगंगा आणि दौंड तालुक्यात पाटस येथे भीमा असे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. ऊस तोडणीसाठी बीड व नगर जिल्ह्यांतील मजुरांच्या टोळ्या हंगामात येऊ लागल्या.

वाहतुकीच्या दृष्टीने ऊसतोड कामगारांचे उदाहरण विचार करायला लावणारे आहे. त्यांना आणण्यासाठी ट्रक किंवा ट्रॅक्टर थेट त्यांच्या गावात जातो. गाडीची वाट पाहावी लागत नाही. परंतु त्यापूर्वी मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत परतण्याचे स्वातंत्र्य नसते. वाहन दारात येते म्हणून वाहतूक न्याय्य ठरत नाही. जाण्याइतकेच परतण्याचे स्वातंत्र्य हा तिचा आवश्यक भाग आहे. गरज मालकाची असेल तर अंतर लगेच मिटते आणि गरज मजुराची असेल तर ते तसेच राहते, ही विसंगती येथे उघडपणे दिसते.

रांजणगाव : पाळीचे काम आणि गावाचे घड्याळ

१९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली. पिंपरी-चिंचवडनंतर उद्योगांचा विस्तार पुणे-नगर रस्त्यावर कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर असा पूर्वेकडे होत गेला आणि १९९० च्या दशकात रांजणगाव येथे मोठी औद्योगिक वसाहत उभी राहिली. व्हर्लपूल, एलजी, फियाट यांसारखे उद्योग तेथे आले. दौंड तालुक्यात कुरकुंभ येथे रासायनिक उद्योगांची वसाहत झाली. जातेगाव-निमोण्याच्या पिढ्यांना जे काम मुंबईत शोधावे लागत होते ते आता तालुक्यातच आले.

परंतु काम आले तरी त्याच्यासोबत मुंबईची वाहतूक आली नाही. मुंबईच्या गिरण्यांभोवती चाळी होत्या आणि बहुसंख्य कामगार पायी कामावर जात. कुर्ल्यातील मोटार कारखान्याचे काम पुढे रांजणगावकडे आले. कुर्ल्याच्या कामगाराला उपनगरी गाडीचा मासिक पास आणि बेस्टची बस उपलब्ध होती. रांजणगावच्या कामगाराला महामार्ग होता. उद्योगाला कच्चा माल आणावयाचा आणि पक्का माल बंदरापर्यंत न्यावयाचा असल्याने महामार्ग पुरेसा ठरला. कामगाराला घरापासून महामार्गापर्यंत यावयाचे होते. तो टप्पा कोणाच्याच नियोजनात नव्हता.

पाळीपद्धतीने हा प्रश्न अधिक बिकट केला. पहिली पाळी सकाळी लवकर सुरू होते, दुसरी मध्यरात्रीच्या सुमारास सुटते आणि तिसरी रात्रभर चालते. बाजार आणि शाळा यांच्यासाठी आखलेली एसटी या वेळांना उपयोगी पडत नाही. मोठ्या कंपन्यांच्या बसगाड्या असतात, पण त्यांचे थांबे प्रामुख्याने मुख्य रस्त्यांवर असतात आणि त्यांचा पहिला हक्कदार कायम कामगार असतो. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानंतरही उद्योगांत कंत्राटी श्रमाचे प्रमाण वाढत गेले. ज्याची नोकरी काही महिन्यांची, त्याच्या प्रवासाची जबाबदारी ना कंपनीवर ना कंत्राटदारावर निश्चित होते.

याचे तीन परिणाम या परिसरात दिसतात. पहिला म्हणजे मोटारसायकल ही कामाची पूर्वअट झाली. हप्त्याने घेतलेली गाडी आणि पेट्रोल यांवर मजुरीचा मोठा वाटा खर्च होतो आणि रात्रपाळीनंतरचा प्रवास अवजड वाहनांच्या रहदारीतून करावा लागतो. दुसरा परिणाम म्हणजे कारेगाव, रांजणगाव, शिक्रापूर, सणसवाडी येथे भाड्याच्या खोल्यांची दाट वस्ती झाली. मराठवाडा-विदर्भातून व उत्तर भारतातून आलेले कामगार तेथे राहतात; जमीनधारक शेतकरी घरमालक झाले. तिसरा परिणाम गावांतील उतरंडीचा आहे. महामार्गालगतच्या गावाला जमिनीचा भाव, भाडे आणि रोजगार असे तिन्ही लाभ झाले. निमोण्यासारख्या आतल्या गावाला यांतील फक्त रोजगाराची शक्यता मिळाली आणि तीही ज्याच्याजवळ दुचाकी आहे त्याला.

न मोजलेला प्रवास

या साऱ्यात स्त्रियांचे स्थान स्वतंत्रपणे पाहणे आवश्यक आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या मूळ तरतुदीनुसार स्त्रियांना सकाळी सहा ते सायंकाळी सात या वेळेतच कारखान्यात काम देता येत असे. पुढे ही बंधने सुरक्षितता व वाहतूक यांच्या अटींवर शिथिल होत गेली. परंतु आडगावातील स्त्रीसाठी दिवसाची पाळीही सहज नाही. सातच्या पाळीसाठी तिला पहाटे घर सोडावे लागते. त्या वेळी गाडी नसेल आणि घरातील दुचाकी पुरुषाकडे असेल, तर कायद्याने खुले केलेले काम प्रत्यक्षात बंदच राहते. गावात राहिलेली स्त्री कांदा लागण, खुरपणी, काढणी यांच्या मजुरीवर जाते. तिचा प्रवास मुकादमाच्या टेंपोत किंवा पिकअपमध्ये उभ्याने होतो.

हा प्रवास अधिकृत आकडेवारीत उमटत नाही, ही गंभीर बाब आहे. २०११ च्या जनगणनेने घर ते कामाचे ठिकाण हे अंतर व प्रवासाचे साधन यांची माहिती प्रथमच व्यापक प्रमाणावर प्रसिद्ध केली. पण ती ‘इतर कामगार’ या वर्गाची होती. शेतकरी व शेतमजूर त्यातून वगळले गेले. शेतमजूर आपल्याच गावात काम करतो, हे जुने गृहीत त्यामागे असावे. ते बलुतेदारीच्या काळात खरे होते. टेंपोने शेजारच्या तालुक्यात खुरपणीला जाणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत ते खरे नाही. ज्या प्रवासाची नोंदच नाही, त्याच्यासाठी गाडी कोणत्या आधारावर मागावयाची, हा प्रश्न उरतो.

एसटीवरील अवलंबन किती खोल आहे याचा प्रत्यय २०२१-२२ मध्ये आला. करोनाच्या निर्बंधांनंतर ऑक्टोबर २०२१ मध्ये राज्यातील शाळा पुन्हा सुरू झाल्या आणि त्याच महिन्याच्या अखेरीपासून एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू होऊन तो एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. कर्मचाऱ्यांच्या वेतनाचा प्रश्न खरा होता आणि प्रवाशांची गैरसोयही खरी होती. याच काळात शहरांतील संगणक क्षेत्रातील कर्मचारी घरून काम करीत होते. एकाच जिल्ह्यात खराडीच्या कर्मचाऱ्याच्या बाबतीत काम घरी आले आणि आडगावची विद्यार्थिनी शाळेपर्यंत जाऊ शकली नाही. मार्च २०२३ पासून स्त्रियांना एसटीच्या भाड्यात पन्नास टक्के सवलत मिळू लागली. हे पाऊल स्वागतार्ह आहे. मात्र सवलत भाड्यात मिळते, फेऱ्यांत नाही. गाडीच नसलेल्या वेळेला सवलतीचा उपयोग होत नाही.

तुलनेसाठी दोन दाखले

कामगारांच्या प्रवासाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न अन्य देशांतही उपस्थित झाला होता. इंग्लंडमध्ये १८८३ च्या स्वस्त गाड्यांविषयीच्या कायद्याने लोहमार्ग कंपन्यांवर कामगारांसाठी स्वस्त भाड्याच्या सकाळ-संध्याकाळच्या गाड्या चालविण्याचे बंधन आणले. यात भाड्याइतकेच महत्त्व वेळेला होते. फ्रान्समध्ये १९७१ पासून पॅरिस परिसरातील नियोक्त्यांकडून वेतनाच्या प्रमाणात वाहतूक कर घेऊन तो सार्वजनिक वाहतुकीसाठी वापरण्यात येऊ लागला आणि पुढे तो इतर शहरांनाही लागू झाला. श्रमिक कारखान्यापर्यंत पोहोचतो म्हणून उत्पादन होते. म्हणून त्या पोहोचण्याचा काही खर्च उत्पादकाने उचलावा, हे त्यामागील सूत्र आहे.

पुणे परिसरात २००६ मध्ये बीआरटी, २००७ मध्ये पीएमपीएमएल, २०१५ मध्ये महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आणि २०२२ मध्ये मेट्रो असे टप्पे आले. २०१७ मध्ये पुणे-दौंड मार्गावर डेमू गाडी सुरू झाली. हे सर्व पुण्याला केंद्र मानून बाहेर जाणारे मार्ग आहेत. शिरूरहून न्हावरे-चौफुलामार्गे केडगाव-दौंडकडे जाणारी उत्तर-दक्षिण जोडणी ही या टापूची खरी गरज आहे, कारण तिच्यामुळेच आतल्या गावाला एकीकडे औद्योगिक वसाहत आणि दुसरीकडे लोहमार्ग असे दोन्ही पर्याय खुले होतात. मुंबई-पुण्याच्या नकाशात मात्र ही रेघ ठळक दिसत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. शिरूर-दौंड परिसरात कामाचे ठिकाण शिवारातून बाजाराकडे, बांधकामाकडे, गिरणीकडे आणि अखेर महामार्गावरील कारखान्याकडे सरकत गेले. प्रत्येक टप्प्यावर मालाच्या वाहतुकीची सोय आधी झाली आणि श्रमिकाच्या प्रवासाची नंतर किंवा झालीच नाही. प्रवासाचा भार वतनी महारावर, दुष्काळी मजुरावर, ऊसतोड जोडप्यावर आणि कंत्राटी कामगारावर असा ज्यांची नकार देण्याची ताकद सर्वांत कमी त्यांच्यावर पडत आला. या परंपरेला छेद देणारे दोनच महत्त्वाचे प्रयत्न येथे आढळतात : तोट्याच्या मार्गावरही गाडी चालविणारी एसटी आणि अंतराची भरपाई देणारा रोजगार हमीचा कायदा. दोन्ही प्रयत्न सार्वजनिक होते.

यावरून काही सूचना करता येतात. औद्योगिक वसाहतींच्या पाळ्या आणि एसटीच्या फेऱ्या यांची वेळापत्रके एकत्र बसून ठरवावीत. कंपन्यांच्या स्वतंत्र बसगाड्यांऐवजी वसाहतीतील सर्व उद्योगांच्या अंशदानातून आतल्या गावांपर्यंत जाणारी आणि कंत्राटी कामगारांनाही खुली असणारी सेवा उभारावी. आगामी जनगणनेत शेतमजुरांच्या प्रवासाचीही नोंद व्हावी. रोजगार हमीत मान्य झालेले अंतराच्या भरपाईचे तत्त्व कंत्राटी श्रमालाही लागू करण्याचा विचार व्हावा.

१ जून १९४८ रोजी शिरूरवरून गेलेल्या पहिल्या गाडीने एक वचन दिले होते. त्या वचनाचा अर्थ त्या काळच्या बाजारकऱ्याच्या व विद्यार्थ्याच्या दृष्टीने बऱ्याच अंशी पूर्ण झाला. निमोण्याहून पहाटेच्या पाळीला निघणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने तो पूर्ण होणे अद्याप बाकी आहे.